गुलाबी बघायला पासलीपर्यंत

काशीला जाऊन आलेला माणूस गावात गंगा वाटतो. मी पासलीला जाऊन आलो. माझ्याजवळ वाटायला काही नव्हतं, म्हणून हे लिहितो. हिर्डोशीहून पासली म्हणजे काही लांबचा मुलूख नव्हे. कावळ्यानं मधले डोंगर ओलांडले की आली. पण मी कावळा नाही आणि माझे गुडघे मला न विचारता थांबतात, म्हणून भोरावरून वळसा घालून गेलो. जे तिकडं गेले नाहीत त्यांनी वाचावं. जे गेलेत त्यांनी चुका काढू नयेत. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो, आणि मास्तर मध्येच बदलून गेल्यामुळं तिसरीही अर्धीच झाली.

आता मुळात निघालो का, ते सांगतो.

माझी कारभारीण मागल्या साली गेली. त्याबद्दल लोक पुष्कळ बोलून गेले, मी आणखी बोलत नाही. न्हाणीच्या पाण्यावर तिची गुलबास होती. रंग गुलाबी. तांबडा नव्हे, पांढराही नव्हे. दुधात कुंकवाचं बोट बुडवलं तर येईल तसा. गुलबास दिवसभर तोंड मिटून असते आणि उन्हं कलली की उमलते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कारभारीण तेवढ्यावर स्वैपाक करायची. गुलबास उमलली की चुलीवर भात चढायचा. आमच्या घरात घड्याळ कधी नव्हतं आणि कधी लागलंही नाही.

ती गेल्यावर पावसाच्या तोंडाला रानडुकरं पार न्हाणीपर्यंत आली आणि गुलबाशीचे गड्डे उकरून खाऊन गेली. मी शिव्या दिल्या, पण डुकरं तोवर डोंगर चढली होती. नशिबानं कारभारणीनं गाडग्यात बी ठेवलं होतं. काळं, मिऱ्यासारखं. ते मी पेरलं. त्यातलं थोडंच उगवलं. फुललं तेव्हा बघतो तर काही झाडं तांबडी, काही पांढरी. गुलाबी एक नाही.

मी सुनेला विचारलं, "पारू, गाडग्यातलं बी तू बदललंस का?"

पारू म्हणाली, "म्या कशाला बदलू? मिरी समजून आमटीत न्हाई घातलं ह्येच नशीब समजा."

मला ते पटलं नाही. दुसरं असं, की माझ्या उजव्या डोळ्यात लहानपणीच फूल पडलेलं आहे, त्यानं काही दिसत नाही, आणि आता डाव्यात मोतीबिंदू धरतोय. डॉक्टर म्हणतो, पिकू द्या, मग काढू. जसा काही आढीत घातलेला आंबा. काढल्यावर दिसेलच असं तो छातीवर हात ठेवून सांगत नाही. कारभारणीचा फोटो आमच्याकडं नाही. तेव्हा डावा डोळा चालतोय तोवर तो रंग एकदा दारात परत बघायचा, एवढं एकच मनात होतं. मूळ बी तिनं लग्नात माहेराहून आणलेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. माहेर पासली. म्हणून निघालो.

भोर

पावसाळा सरत आला होता. भोरात मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली की चालत नाही. मोटारवाला खाली वाकून काहीतरी ठोकत होता, तेवढ्यात मी हॉटेलात बसलो आणि हॉटेलवाल्याला बी बदलल्याची हकीकत सांगितली. बाकावर शेतकी खात्याचा एक तरुण साहेब होता. साहेब आपलाच, पुण्याचा, पण डोक्यावर टोपली पालथी घातल्यासारखी टोपी. वेल्ह्याकडं भाताची खाचरं बघायला निघाला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्या सुनेनं बी बदललेलं नाही."

"तुमी आमच्या सुनंला वळखता?"

"सुनेला नाही ओळखत. गुलबक्षीला ओळखतो."

मग त्यानं जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. प्रत्येक झाडाकडं रंगाचे दोन वाटे असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. तांबड्याचे दोन्ही वाटे रंगाचे. पांढऱ्याचे दोन्ही रिकामे. गुलाबीचा एक वाटा रंगाचा आणि एक रिकामा, त्यामुळं फुलात रंग निम्माच तयार होतो आणि ते गुलाबी दिसतं. त्या गुलाबीचं बी धरलं की मुलांत वाटणी होते. ज्याला दोन्ही वाटे रंगाचे आले ते तांबडं, ज्याला दोन्ही रिकामे आले ते पांढरं. ज्याला एक-एक आला तेवढंच गुलाबी. माझं बी थोडं होतं, त्यात एक-एकवालं कुणी निघालंच नाही.

वाटणी मला समजते. आमच्या भाऊबंदकीत एकाला विहीर आली आणि एकाला नुसता खडक. खडक कुणाला आला ते विचारू नका.

मी म्हणालो, "ही वाटणी करतं कोण?"

"कुणीच नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं होतं."

"तलाठ्याबिगर?"

"तलाठ्याशिवाय."

"तरीच भांडनं न्हाईत," हॉटेलवाला म्हणाला.

मी विचारलं, "म्हंजी गुलाबी असा रंगच न्हाई म्हना."

"रंग आहे हो. पण त्याचं पक्कं घराणं नाही. बी धरलं की फुटतो."

"साहेब, ते आमच्या मंडळींचं फूल हाय. घराणं काढू नगासा."

साहेब वरमला. पासलीलाही गुलाबी असली तर तिचं बी असंच फुटेल, असं तो हळूच म्हणाला. मी म्हणालो, पासलीचं फुटायचं नाही. तिकडची माणसं पक्की असतात. कारभारीण तिकडचीच होती. एकदा नाही म्हणाली की पुन्हा विचारायची सोय नव्हती.

वेल्ह्याची वाट

मोटार नसरापुरापर्यंत आली. साहेबाला न्यायला तिथं घोडं आलं होतं. मला बैलगाडी मिळाली. पुढं तोरणा दिसायला लागला. मला मोतीबिंदूमुळं दोन तोरणे दिसले. गाडीवानाला सांगितलं तर म्हणाला, "एकच हाय, बाबा. पर तुमाला दोन दिसत्यात त्यात तुमचा काय तोटा?"

चांगला माणूस वाटला, म्हणून त्याला विचारलं, "ह्या वाटंला कुनाकडं गुलाबी हाय का रं?" अलीकडंच काम झालं असतं तर गुडघे वाचले असते.

"हाय की," तो म्हणाला. "धोंडीबाकडं. म्होरल्या वाडीत." आणि त्यानं मला धोंडीबाच्या दारात उतरवलं.

धोंडीबा गोठ्यात होता. मी राम राम घातला आणि म्हणालो, "हिर्डोशीचा हाय. तुमच्याकडं गुलाबी हाय असं कळलं. बघायला आलोय."

त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली. मला पायापासून पागोट्यापर्यंत बघितलं आणि घोंगडी अंथरली. पाण्याबरोबर गुळाचा खडा आला. आमच्याकडं वाटसराला नुसतं पाणी मिळतं, गूळ सोयऱ्याला. मला वाटलं, वेल्ह्याची माणसं दिलदार.

"मंडळी?" धोंडीबानं विचारलं.

"मागल्या साली गेली. तवापासनं दार उघडं वाटतं."

"वाटायचंच. पोरंबाळं?"

"ल्योक हाय, सून हाय."

"मग त्यास्नी हे चालंल का?"

"त्यास्नी काय इचारायचं? माझं म्या बघनार, माझं म्या पानी घालनार."

"पानी?"

"लई लागत न्हाई. न्हाणीचं वाहून जातं तेच."

धोंडीबानं घोंगडीचं टोक सारखं केलं. मग म्हणाला, "ठेवनार कुठं?"

"न्हाणीपाशी."

"घरात न्हाई?"

"घरात कशी जगंल? भायेरच बरी. भवतीनं काट्याचं कुंपण घालतो, म्हंजी डुकरं शिवायची न्हाईत."

धोंडीबाचा चेहरा बदलत चालला होता. मला वाटलं, द्यायला जिवावर येतंय. म्हणून मी समजूत घातली, "समदी नगं मला. निम्मी तोडून दिलीत तरी भागंल."

तेवढ्यात आतून एक धिप्पाड बाई मुसळ घेऊन उंबऱ्यात आली. "कोन मला तोडून न्हेतोय ते बघू दे."

मी विचारलं, "तुमचं नाव काय, बाई?"

"गुलाबी."

धोंडीबाची ही विधवा बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडं राहत होती. मी म्हणालो, "म्या फुलाचं इचारत होतो. गुलबाशीचं." धोंडीबा असा हसला की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. बाई हसली नाही. मुसळ भिंतीला टेकवून तिनं माझी सगळी हकीकत काढून घेतली आणि म्हणाली, "फुलासाठी येवढं काट्याचं कुंपण घालनार. बायकू व्हती तवा दारात कवा कुंपण घातलं व्हतं?"

"न्हाई."

"मग? आता डुकरं जेवून गेली."

मी गूळ खाल्ला.

त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. खेकड्याचं कालवण आणि भात. आमच्याकडं खेकडा कुटून गाळून घेतात, इकडं नांगीसकट पानात वाढतात आणि पाहुणा कसा खातो ते बघत बसतात. मला मागचे दात नाहीत. नांगी फोडून द्यायचं काम गुलाबीबाईनं वरवंट्यानं केलं आणि पहिला घाव घालताना माझ्याकडं बघितलं.

फूल त्यांच्याही परसात होतं. उन्हं उतरल्यावर उमललं. गर्द तांबडं, सगळंच्या सगळं.

"ही चालंल का?" बाईनं विचारलं.

"न्हाई."

"बघ दादा," ती भावाला म्हणाली, "हिलाबी नाकारलं."

पासली

वेल्ह्याहून पुढं पायवाट. दोन्ही बाजूंना भात पोटरीत आलेला, बांधावर पाणी खळखळतंय. वाटेत एका धनगराच्या वाड्यावर ताक मिळालं. त्यानं वाडगं भरून दिलं आणि कुत्र्यानं पाय धरल्यावर सांगितलं की कुत्रं धरतं. धोतराचा एक सोगा तिथं राहिला.

पासलीला माझा मेहुणा नामदेव राहतो. त्याची बायको मला बघून दारातच रडायला लागली. मी फाटकं धोतर धरून उभा. रडून झाल्यावर तिनं नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं दिलं. आमच्याकडं आधी जेवायला देतात, रडणं मागाहून. पासलीची पद्धत मला बरी वाटली. जेवण तरी निवांत होतं.

घरामागं गुलबाशीचं रान माजलेलं होतं. मला आनंद झाला. दुपार होती, कळ्या मिटलेल्या. मी तिथंच दगडावर बसलो.

"दाजी, आत या की," नामदेव म्हणाला.

"उमलू दे. मग येतो."

"आवो, ती काय पळून जाती का?"

मी हललो नाही. शेजारची माणसं येऊन बघून गेली. दाजी दुःखानं भ्रमले असं त्यांनी आपसात ठरवलं, तेही मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. मोतीबिंदू कानात होत नसतो हे लोकांना कळत नाही.

उन्हं कलली. पहिली कळी सुटली. पांढरी. दुसरी सुटली, पांढरी. मग पोत्यातून लाह्या सांडाव्यात तशा सगळ्या उमलल्या. पांढरं सोडून एक फूल नव्हतं. मी जवळ जाऊन, डाव्या डोळ्याला धरून बघितलं.

"नामदेव, गुलाबी कुठाय?"

"कसली गुलाबी?"

"तुजी आक्का लग्नात ओटीत बांधून घेऊन आली ती."

"आक्कानं ह्येच न्हेलं. पांढरं." नामदेवानं बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "व्हय. आमच्याकडं गुलाबी कवाच नव्हती. आक्का म्हायेराला यायच्या तवा त्याच सांगायच्या, माज्या सासरी दारात गुलाबी फुलती म्हनून. आमाला वाटायचं तुमच्याकडचीच."

मी परत दगडावर बसलो. एवढी वाट तुडवली, धोतर फाडून घेतलं, एका बाईचं मुसळ बघितलं, आणि इथं नुसतं पांढरं. नामदेवाची बायको पुन्हा रडायला लागली, ते बरं झालं. माझ्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग साहेबाची वाटणी आठवली. एक वाटा रिकामा, तो पासलीहून आला. दुसरा रंगाचा. तो कुठला? तेव्हा माझी आई आठवली.

माझ्या आईची तांबडी गुलबास होती, न्हाणीच्या उजव्या अंगाला. नव्या सुनेनं पांढरी लावली तेव्हा आई म्हणाली, पांढरं दारासमोर नको, डाव्या कोपऱ्यात लाव. कारभारणीनं कोपऱ्यात लावली, पण त्यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. बोलणं बंद असलं की आमटीत मीठ दोनदा पडायचं, कारण एकमेकींना विचारायचं नाही. मी मुकाट्यानं खायचो. आणि इकडं मी खारट आमटी खातोय तोवर न्हाणीच्या पलीकडं, दिव्यावर येतात तसल्या संध्याकाळच्या पाखरांनी दोघींच्या झाडांची सोयरीक जुळवून टाकली. घरच्या कर्त्या पुरुषाला कळवलं नाही. पुढं भिंत वाढवताना तांबडी गेली, पांढरीही गेली, आणि मधली गुलाबी राहिली. ती पासलीहून आली असं मी जन्मभर सांगत होतो.

हे सगळं नामदेवाला सांगितलं. तो म्हणाला, "मग आता काय करनार?"

"घरी जातो. तांबडी-पांढरी दोन्ही दारात हायेत."

"मग आलासाच कशाला?"

"ते कळायला."

निघताना त्याच्या बायकोनं माझं धोतर शिवून दिलं आणि पांढऱ्याचं बी पुरचुंडीत बांधून दिलं. घरी पांढरी होती, तरी घेतलं. माहेरचं नाकारू नये.

परत वेल्ह्यात

आता पाखरांवर विसंबून राहण्याइतका माझ्या डोळ्याला वेळ नव्हता. साहेबाला गाठायचं ठरवलं. तो वेल्ह्याच्या खाली एका खाचरात सापडला. बूट घालून चिखलात उतरला होता आणि गुडघ्यापर्यंत रुतून उभा होता. टोपी बांधावर.

"साहेब," मी म्हणालो, "तुमचं खरं निघालं."

"आजोबा, आधी हात द्या."

मी हात दिला. साहेब वर आला, एक बूट खालीच राहिला. बूट शोधता शोधता त्यानं मला शिकवलं. दुपारीच कळी अलगद उघडायची आणि आतल्या पिवळ्या टोकांचे केसर चिमटीनं काढून टाकायचे, नाहीतर फूल संध्याकाळी आपलं आपल्याशीच लग्न लावून मोकळं होतं. मग पाखरू शिवू नये म्हणून त्यावर कापडाची पिशवी. संध्याकाळी दुसऱ्या रंगाचं फूल आणून त्याचा पराग मधल्या लांब तंतूच्या टोकाला लावायचा, पुन्हा पिशवी. एका फुलाला एकच बी धरतं, तेव्हा अशी बरीच फुलं करायची.

"आनि त्यातल्या गुलाबी किती निघत्याल?"

"सगळ्या."

"चिठ्ठ्या?"

"चिठ्ठ्या पुढच्या पिढीला. तांबड्याकडं द्यायला रंगाचाच वाटा, पांढऱ्याकडं रिकामाच. पहिल्या पिढीला एक-एक सोडून दुसरं काही मिळूच शकत नाही."

मी ते त्याच्याकडून परत एकदा वदवून घेतलं. मग विचारलं, "तुमी सोता करता का हे?"

"करतो. पण शिंका फार येतात," असं म्हणून त्यानं नुसत्या आठवणीनं शिंक दिली.

घर

घरी आल्यावर पहिल्या दुपारी कळी उघडायला बसलो. उघडली म्हणजे फाटली. दुसरीही फाटली. केसर केवढे, माझी बोटं केवढी, आणि डाव्या डोळ्याला एका केसराचे दोन दिसायचे. काढायचा कुठला? शेवटी हाक मारली.

"पारू, जरा हितं ये."

"काय?"

"तुजं डोळं चांगलं हायेत."

"बी बदललं न्हाईस, असं सरळ म्हनता येत न्हाई का?"

"डोळं चांगलं हायेत म्हनलं की."

ती थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग बसली. मी सांगत गेलो, ती करत गेली. तिच्या हातून एक कळी फाटली नाही. रोज दुपारी केसर, संध्याकाळी पराग, असं दसरा होईपर्यंत चाललं. झाडावरच्या चिंध्यांच्या पिशव्या बघून शेजारी विचारायचे, गुलबाशीला दृष्ट लागली का. पारू सांगायची, "न्हाई, लगीन हाय. तुमाला बोलावनं न्हाई."

बी काळं झाल्यावर काढलं. दिवाळीनंतर न्हाणीच्या पाण्यावर पेरलं आणि भोवती काट्याचं कुंपण घातलं. थंडीत रोपं हलेनात. भोरला डॉक्टरला डोळा दाखवला. तो म्हणाला, पिकतोय. मी म्हणालो, शिमग्यापर्यंत थांबवा. तो म्हणाला, तो कुणासाठी थांबत नसतो. घरी येऊन मी रोपांना जास्त पाणी घातलं. पारूनं चर पाडून ते बाहेर काढलं, मुळं कुजतील म्हणून.

शिमग्याच्या आधी कळ्या धरल्या. त्या संध्याकाळी मी कुंपणाशी बसलो, पारू चूल पेटवायची सोडून माझ्यामागं उभी. पहिली कळी सुटली. मला काहीतरी फिकं दिसलं, पण सध्या मला सगळंच फिकं दिसतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. दुसरी सुटली, तिसरी सुटली. मी फूल तोडून डाव्या डोळ्याला लावलं. दुधात कुंकवाचं बोट.

"आत्याबाईंचा रंग," पारू म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"नुसता तिचा न्हाई. निम्मा माझ्या आयेचा."

"आत्याबाई असत्या तर त्यांच्या म्होरं असं म्हनाला असता?"

"म्हनालो असतो तर रातच्याला जेवायला मिळालं नसतं," मी म्हणालो. "आता म्हनतो. आता आमटीत मीठ एकदाच पडतं."